पगार गोठले, विमा उगवला : अमेरिकेतील नोकरीला बांधलेल्या आरोग्याची कहाणी

धागा 🧵

अमेरिकेत स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी अभियंत्याला ‘ही नोकरी सोडत का नाहीस?’ असे विचारून पाहावे. उत्तरात पगार येईल, व्हिसा येईल. पण घरात मुलाला दमा असेल किंवा बाळंतपण जवळ आले असेल, तर सर्वांत आधी ‘इन्शुरन्स’ हा शब्द येईल. त्या देशात ६५ वर्षांखालील सुमारे १५ कोटी ४० लाख लोकांचा आरोग्यविमा मालकाच्या, म्हणजे नोकरी देणाऱ्याच्या, हातून येतो.

ब्रिटनने १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा उभारली. अमेरिकेने असे काही बसून ठरविले नाही. तिथली व्यवस्था एका महामंदीतून, एका महायुद्धातून आणि करखात्याच्या एका निर्णयातून हळूहळू घडत गेली. आणि एकदा घडल्यावर पुढच्या प्रत्येक सुधारकाला तिला वळसा घालूनच जावे लागले. तो वळसा कसा पडत गेला, आणि नोकरदारांच्या पदरात त्यातून काय आले, हे आज पाहू.

मित्रहो, आरंभ करू टेक्सासमधील डॅलस शहरापासून. साल १९२९. बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयाची खाती तपासताना जस्टिन फोर्ड किंबॉल या अधिकाऱ्याच्या लक्षात आले, की थकलेल्या बिलांत शाळेच्या शिक्षकांची नावे वारंवार येत आहेत. किंबॉल पूर्वी शहराच्या शाळांचे अधीक्षक होते. त्यातले पुष्कळ शिक्षक त्यांच्या माहितीतले. त्यांनी हिशेब मांडला : प्रत्येक शिक्षकाने दरमहा अर्धा डॉलर भरावा आणि त्याबदल्यात वर्षाला २१ दिवसांपर्यंत रुग्णालयात राहण्याची सोय मिळवावी. हजाराहून अधिक शिक्षक सामील झाले.

या योजनेचा हेतू नीट ओळखायला हवा. रुग्णांची कणव त्यात असेलही. पण मुख्य प्रश्न रुग्णालयाच्या तिजोरीचा होता. मंदी आली, खाटा रिकाम्या पडू लागल्या, तेव्हा इतर रुग्णालयांनीही हाच मार्ग धरला. १९३४ मध्ये मिनेसोटातील अशाच एका योजनेने निळ्या क्रॉसचे चिन्ह वापरले. पुढे देशभर पसरलेल्या ‘ब्लू क्रॉस’चे मूळ ते. शिक्षकांचा गट निवडण्यातही एक व्यावहारिक शहाणपण होते. एकेकट्याला विमा विकायला गेले, तर आजारी माणूसच आधी धावत येतो आणि योजना बुडते. एकाच ठिकाणी नोकरी करणारा गट मात्र आजारी पडण्यासाठी एकत्र आलेला नसतो. त्यात तरुण, धडधाकट माणसे आपोआप मिसळलेली असतात. नोकरीचे ठिकाण हे विम्याचे नैसर्गिक दुकान ठरले, ते या साध्या गणितामुळे.

रूझवेल्ट यांनी १९३५ मध्ये सामाजिक सुरक्षेचा कायदा केला, तेव्हा त्यात आरोग्यविमाही घालावा असा विचार झाला होता. डॉक्टरांच्या संघटनेचा, म्हणजे अमेरिकन मेडिकल असोसिएशनचा, विरोध इतका तीव्र होता की त्यापायी संपूर्ण कायदाच बुडेल अशी धास्ती वाटली आणि तो भाग वगळला गेला. ही संघटना त्या काळी सरकारी विम्याच्याच नव्हे, तर डॉक्टरांना पगारावर ठेवणाऱ्या सहकारी योजनांच्याही विरोधात होती. वॉशिंग्टनमधील अशा एका योजनेची अडवणूक केल्याबद्दल संघटना दोषी ठरली आणि १९४३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला.

आता युद्धाकडे वळू. लक्षावधी पुरुष सैन्यात गेले, कारखाने दिवसरात्र चालू लागले, कामगार मिळेनासे झाले. अशा वेळी पगार वाढतात, आणि पगारांमागोमाग महागाई. ती रोखण्यासाठी ऑक्टोबर १९४२ च्या स्थिरीकरण कायद्याने पगार गोठविले. मात्र पगाराची व्याख्या करताना एक फट ठेवली गेली : वाजवी प्रमाणातील विमा व निवृत्तिवेतनाचे लाभ पगारात धरायचे नाहीत. मालकांना हवे ते सापडले. पगार वाढवता येत नाही? मग विमा देऊ.

१९४३ मध्ये करखात्याने निर्णय दिला, की कर्मचाऱ्यांच्या सामुदायिक विम्यापोटी मालक भरतो ती रक्कम कर्मचाऱ्याचे करपात्र उत्पन्न नव्हे. १९५४ च्या कर संहितेने या सवलतीला पक्के कायद्याचे रूप दिले. शंभर डॉलर पगार म्हणून मिळाले तर त्यावर कर. तेच शंभर डॉलर विम्याच्या रूपाने मिळाले तर कर नाही. हिशेब सरळ होता. १९४० मध्ये दहा अमेरिकनांपैकी जेमतेम एकाकडे रुग्णालयीन विमा होता. १९५० पर्यंत जवळपास निम्मी लोकसंख्या विम्याखाली आली.

या करसवलतीविषयी तिथले अर्थशास्त्रज्ञ, डावे आणि उजवे दोघेही, आजतागायत कुरकुर करतात. ज्याचा पगार मोठा आणि कराचा दर चढा, त्याला तिचा लाभ अधिक. विमाच न देणाऱ्या उपाहारगृहातील वाढप्याला शून्य. तरीही तिला हात लावण्याची छाती फार थोड्या राजकारण्यांना झाली.

१९ नोव्हेंबर १९४५ रोजी अध्यक्ष ट्रूमन यांनी सर्वांसाठी राष्ट्रीय आरोग्यविम्याचा प्रस्ताव संसदेपुढे ठेवला. १९४८ ची निवडणूक अनपेक्षितपणे जिंकल्यावर त्यांनी तो पुन्हा पुढे रेटला. डॉक्टरांच्या संघटनेने प्रत्येक सदस्यावर २५ डॉलरची वर्गणी बसविली आणि व्हिटेकर अँड बॅक्स्टर ही प्रचारतंत्रात मुरलेली जोडगोळी कामाला लावली. शीतयुद्ध तापत होते. ‘समाजवादी वैद्यक’ हा एकच शब्द पुरेसा ठरला. पण या प्रचाराची दुसरी बाजू अधिक रोचक आहे. नुसता विरोध करून भागत नाही, पर्यायही दाखवावा लागतो. तो पर्याय म्हणजे खासगी, ऐच्छिक विमा. दहा वर्षांपूर्वी ज्या डॉक्टरांना विम्याचाच संशय होता, तेच आता विमा घ्या म्हणून सांगू लागले. सरकार नको असेल तर मालक चालेल, असा तो सौदा होता.

कामगार संघटनांनाही थांबणे परवडणारे नव्हते. मोटार कामगारांचे पुढारी वॉल्टर रॉयथर यांचा पाठिंबा राष्ट्रीय विम्यालाच होता. परंतु वॉशिंग्टनमधून काही येत नाही म्हटल्यावर त्यांनी मालकाच्याच दारात ठाण मांडले. विमा व निवृत्तिवेतन हे सामुदायिक वाटाघाटीचे विषय आहेत, हे १९४८-४९ च्या निर्णयांनी मान्य झालेच होते. १९५० मध्ये जनरल मोटर्सशी पाच वर्षांचा करार झाला. ‘डेट्रॉइटचा तह’ हे त्याचे प्रसिद्ध नाव. त्यात कंपनीने वैद्यकीय विम्याचा निम्मा भार उचलला. पोलाद आणि मोटार कारखान्यांतील कामगारांच्या आयुष्यात त्यामुळे खरोखर स्थैर्य आले, हे नाकारता येत नाही. पण माझ्या मते राष्ट्रीय विम्याची चळवळ खरी थंडावली ती इथे. तिचे सर्वांत संघटित सैनिक आपापल्या कंपनीच्या छत्राखाली सुरक्षित झाले होते.

मग छत्राबाहेर कोण उरले? म्हातारे आणि गरीब. म्हणून १९६५ च्या मेडिकेअर व मेडिकेड या दोन योजनांनी नेमके त्यांनाच उचलले. ३० जुलै रोजी अध्यक्ष जॉन्सन मिसुरीतील इंडिपेन्डन्स गावी गेले, वृद्ध ट्रूमन यांच्या साक्षीने सही केली आणि मेडिकेअरचे पहिले कार्ड त्यांनाच दिले. नोकरदारांच्या विम्याला धक्काही लागला नाही.

खरा धक्का अशा कायद्यातून आला, की ज्याचा आरोग्याशी वरवर पाहता काही संबंध नव्हता. १९६३ मध्ये स्टुडबेकर कंपनीने इंडियानातील साउथ बेंडचा मोटार कारखाना बंद केला आणि हजारो कामगारांच्या निवृत्तिवेतनाची वाताहत झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या आंदोलनाचे फळ म्हणजे १९७४ चा ‘एरिसा’ कायदा. हेतू निवृत्तिवेतन वाचविण्याचा. पण त्याच्या कक्षेत कर्मचाऱ्यांच्या आरोग्ययोजनाही आल्या आणि त्यांच्याविषयी कायदे करण्याची राज्यांची मुभा बव्हंशी गेली. विमा कंपन्यांवर राज्यांचे नियम चालू राहिले. परंतु जो मालक विमा कंपनीला मध्ये न घेता स्वतःच्या तिजोरीतून बिले भागवतो, त्याची योजना राज्याच्या नियमांतून सुटली. मोठ्या कंपन्यांनी ही वाट झपाट्याने धरली. राज्यांचे नियम गेले आणि केंद्राने त्या जागी फारसे काही ठेवले नाही.

याचा अर्थ काय होतो, हे ह्यूस्टनमधील एका खटल्याने दाखविले. हा तपशील थोडा सावकाश वाचावा अशी विनंती.

वाद्ये विकणाऱ्या एका कंपनीतील कर्मचाऱ्याला डिसेंबर १९८७ मध्ये एड्सचे निदान झाले. त्याने ते मालकाला सांगितले. त्या वेळी कंपनीच्या योजनेत प्रत्येकाला आयुष्यभरात दहा लाख डॉलरपर्यंत वैद्यकीय खर्च मिळत असे. ऑगस्ट १९८८ मध्ये कंपनीने विमा कंपनीची योजना सोडून स्वतःची योजना सुरू केली, आणि तीत एड्ससाठीची आजीवन मर्यादा ठेवली पाच हजार डॉलर. इतर कोणत्याही गंभीर आजाराला अशी कात्री लागली नाही. दहा लाखांवरून पाच हजार!

तो न्यायालयात गेला. भेदभाव झाला, असे त्याचे म्हणणे. न्यायालयाने म्हटले, की दहा लाखांची मर्यादा कायम राहील असे वचन मालकाने कधीच दिले नव्हते. योजना बदलण्याचा हक्क मालकाने राखून ठेवला होता. आणि ही कपात त्या एकट्याला लक्ष्य करून नव्हे, तर त्या आजाराच्या सर्वच कर्मचाऱ्यांना लागू होती. अपील न्यायालयाचा निकाल नोव्हेंबर १९९१ मध्ये लागला. तोवर तो वारला होता. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला.

कायद्याच्या चौकटीत न्यायाधीश चुकले, असे म्हणता येत नाही. चौकटच तशी होती. कर्मचाऱ्याला जो हक्क वाटत होता, तो कागदावर मालकाची कृपा होती.

इथे जरा आपल्याकडे पाहू. प्रा. बी. पी. अदारकर यांनी १९४४ मध्ये औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याविषयी अहवाल दिला. त्यावर आधारलेला कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ मध्ये झाला आणि १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. तिथेही वर्गणी मालक व कामगारच देतात. पण विमा चालवते ते कायद्याने स्थापन झालेले महामंडळ. ‘ईएसआय’च्या दवाखान्यांविषयी तक्रारी कोणाला नाहीत? तरीही एखाद्या गिरणीमालकाला आपल्या कामगाराचे निदान कळल्यावर त्या आजाराचे संरक्षण कापता येत नाही, हा फरक लहान नव्हे. आज पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत मिळणारा कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम मात्र अमेरिकी वळणाचा आहे. दर वर्षी नूतनीकरणाच्या वेळी आई-वडिलांचे संरक्षण राहिले की गेले, हे ई-मेलमधून कळते ते याचमुळे.

पुन्हा अमेरिकेत. १९८६ च्या ‘कोब्रा’ कायद्याने नोकरी गेल्यावरही साधारण १८ महिने जुन्याच योजनेत राहण्याचा हक्क दिला. अट अशी की कंपनीत किमान २० कर्मचारी असावेत आणि हप्ता पूर्ण, वर दोन टक्के व्यवस्थापनखर्च, स्वतः भरावा. पगार बंद झालेल्या माणसाने मालकाचाही वाटा भरायचा! १९९३ मध्ये क्लिंटन यांनी सर्व मालकांवर विम्याची सक्ती करणारा प्रस्ताव आणला. १,३०० हून अधिक पानांचे ते विधेयक. विमा कंपन्यांच्या संघटनेने दूरचित्रवाणीवर हॅरी आणि लुईस नावाचे एक काल्पनिक जोडपे आणले. स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून ते काळजी करीत, की आपला चांगला चाललेला विमा सरकार बिघडवणार. सप्टेंबर १९९४ पर्यंत विधेयक मृत झाले. ज्यांच्याकडे विमा आहे त्यांची भीती ही विमा नसलेल्यांच्या दुःखापेक्षा मतपेटीत अधिक वजनदार असते, हा धडा सर्वांनी घेतला. दोन वर्षांनी आलेल्या ‘हिपा’ कायद्याने निदान एवढे केले : नोकरी बदलताना जुन्या आजाराचे कारण दाखवून नव्या योजनेने संरक्षण किती काळ नाकारावे यावर मर्यादा घातली आणि आधीच्या विम्याचा काळ त्यातून वजा करण्याची सोय केली.

म्हणूनच ओबामा यांनी २००९-१० मध्ये पुन्हा पुन्हा आश्वासन दिले, की ज्याला आपली योजना आवडते त्याला ती ठेवता येईल. २३ मार्च २०१० रोजी कायद्यावर सही झाली. २०१३ च्या शरदात लाखो लोकांना विमा रद्द झाल्याची पत्रे आली आणि हेच आश्वासन ‘पोलिटिफॅक्ट’ या तथ्यपडताळणी संस्थेने त्या वर्षातील सर्वांत मोठे असत्य म्हणून निवडले. ती पत्रे मुख्यतः स्वतःच्या पैशाने विमा घेणाऱ्यांना गेली होती. पण नोकरदारांच्या बाबतीतही ते वचन मुळातच पोकळ होते. कारण मालक दर वर्षी योजना बदलतच असे; कायदा असो वा नसो. सहीच्या दिवशी अस्तित्वात असलेल्या योजनांना काही नियमांतून सूट होती. २०११ मध्ये निम्म्याहून अधिक विमाधारक कर्मचारी अशा सवलतीच्या जुन्या योजनांत होते. २०१४ पर्यंत ते प्रमाण सुमारे चतुर्थांशावर आले. मालकांनी हप्ते-वाटे बदलले की सूट आपोआप जाई.

या कायद्याची चर्चा नेहमी विमा नसलेल्यांभोवती फिरते. नोकरदारांना त्याने काय दिले ते झाकोळून जाते. सप्टेंबर २०१० नंतर सुरू होणाऱ्या योजनावर्षांपासून आजीवन मर्यादा बेकायदा ठरल्या. सरकारच्या अंदाजाने सुमारे साडेदहा कोटी लोकांच्या डोक्यावरून ती मर्यादा उठली. २०१४ पासून वार्षिक मर्यादाही गेल्या. आणि हे नियम स्वतःच्या तिजोरीतून बिले भागविणाऱ्या मालकांनाही लागू झाले. ह्यूस्टनमधील तो पाच हजारांचा आकडा आज कोणत्याही कंपनीला लिहिता येणार नाही. मुलांना २६ व्या वर्षापर्यंत आई-वडिलांच्या विम्यात राहता येऊ लागले. लसी व ठरावीक तपासण्या विनामूल्य झाल्या. जुन्या आजाराची अट पूर्णपणे हद्दपार झाली. नव्या कर्मचाऱ्याला विम्यासाठी ९० दिवसांहून अधिक ताटकळत ठेवता येईना.

५० वा अधिक पूर्णवेळ कर्मचारी असलेल्या मालकाने विमा द्यावा, नाहीतर दंड भरावा, हा नियम २०१४ ऐवजी २०१५ पासून टप्प्याटप्प्याने आला. पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला ३० तास. २९ तासांच्या पाळ्या लावणाऱ्या मालकांच्या बातम्या तेव्हा गाजल्या.

हप्ते मात्र थांबले नाहीत. मालकाकडून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता १९९९ मध्ये ५,७९१ डॉलर होता, २०१० मध्ये १३,७७०, आणि २०२४ मध्ये २५,५७२. त्यांपैकी कर्मचाऱ्याच्या पगारातून २०२४ मध्ये थेट कापले गेले साधारण ६,३०० डॉलर. उरलेले मालक भरतो, पण ते पैसेही शेवटी पगारवाढीतूनच वळते झालेले असतात, असे बहुतेक अर्थतज्ज्ञ मानतात. शिवाय ‘डिडक्टिबल’, म्हणजे विमा कामाला लागण्यापूर्वी आपल्या खिशातून भरायची रक्कम, फुगत गेली. तिला बळ दिले होते २००३ च्या कायद्याने, चढ्या डिडक्टिबलच्या योजनांसाठी करमुक्त बचत खाती काढून. रोष मात्र २०१० च्या कायद्याच्या वाट्याला आला. फार महागड्या योजनांवर ४० टक्के कर लावण्याची तरतूदही त्या कायद्यात होती. मालक, संघटना, दोन्ही पक्ष, सारे तिच्याविरुद्ध एक झाले. ती दोनदा-तीनदा पुढे ढकलली गेली आणि डिसेंबर २०१९ मध्ये, एकदाही वसूल न होता, रद्द झाली. १९४३ ची ती करसवलत पुन्हा एकदा शाबूत राहिली.

एक गाठ तर नियमांच्या भाषेतच पडली होती. मालकाचा विमा परवडतो की नाही, हे फक्त कर्मचाऱ्याच्या एकट्याच्या हप्त्यावरून ठरविले जाई. तो परवडणारा निघाला, की बायको-मुलांचा हप्ता कितीही जबर असो, त्यांना सरकारी अनुदानाचा विमा मिळत नसे. ही ‘कौटुंबिक खोट’ ऑक्टोबर २०२२ च्या करनियमाने, २०२३ पासून, दुरुस्त झाली. नऊ वर्षे कित्येक कुटुंबे त्या एका वाक्यात अडकून होती.

आणि मूळ दोरी अजून तशीच आहे. एप्रिल २०२० मध्ये, साथीच्या ऐन तोंडावर, अमेरिकेत एका महिन्यात दोन कोटींहून अधिक नोकऱ्या गेल्या. आजाराच्या सर्वांत मोठ्या लाटेत विमा पुरविणारा हातच नाहीसा झाला. २०२२-२३ च्या कपातीत तंत्रज्ञान कंपन्यांतील अनेक भारतीयांना, त्यांत मराठी घरेही आलीच, हीच बाब निराळ्या प्रकारे भिडली. २०१४ पूर्वी मधुमेह असलेल्या माणसाला कोब्राचे १८ महिने संपल्यावर स्वतःहून विमा मिळणे दुरापास्त असे. आता बाजारपेठेतील योजना त्याला नाकारता येत नाही. ती निवडण्यासाठी विमा गेल्यापासून ६० दिवस मिळतात. कोब्राचा पर्याय स्वीकारण्यासाठीही ६० दिवस. आणि एच-१बी व्हिसावरील माणसाला नवा मालक शोधण्यासाठी किंवा देश सोडण्यासाठी, २०१७ पासूनच्या नियमाप्रमाणे, जास्तीत जास्त ६० दिवसच.